अलार्म एकही नाही, तरी सेल झोपलेला: नेटवर्कमधला बिघाड आपोआप कसा पकडायचा?

मनोरा

वीज गेली, फायबर तुटला, कार्ड जळलं, की अलार्म येतोच. हा धागा त्याबद्दल नाही. प्रश्न आहे तो गुपचूप बिघडणाऱ्या सेलचा (सेल म्हणजे मोबाइल मनोऱ्याने एका दिशेला, एका बँडवर झाकलेला भाग). सेल चालू दिसतो, पॉवर बरोबर, व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) मर्यादेत, ट्रान्समिशन व्यवस्थित, आणि तरी त्यावर एकही फोन जोडला जात नाही. हाच स्लीपिंग सेल. त्याच्याच जवळचे म्हणजे अर्धवट आजारी सेल: अपलिंकमध्ये (फोनकडून सेलकडे) नॉइज वाढलेला, हँडओव्हर (चालू जोडणी एका सेलवरून दुसऱ्यावर नेणं) एकाच बाजूला फसणारे, पहाटे ठीक आणि संध्याकाळी वाईट.

समजा १०,००० एलटीई आणि ५जी सेल आहेत, दर १५ मिनिटांनी काउंटरची (सेलने मोजलेल्या घटनांची) फाइल येते आणि प्रत्येक सेलचे २० केपीआय (कामगिरीचे निर्देशक) काढले जातात. नेहमीची पद्धत म्हणजे सगळ्यांना एकच मर्यादा: ड्रॉप (मध्येच तुटलेल्या कॉलचं प्रमाण) २ टक्क्यांच्या वर गेला की सेल लाल. यात रोज शेकडो सेल लाल होतात, आणि जो खरोखर झोपलाय तो हिरवाच राहतो. त्यावर कॉलच लागत नाहीत, त्यामुळे ड्रॉपही शून्य. शून्य भागिले शून्य हे रिपोर्टमध्ये ० टक्के ड्रॉप म्हणून छापलं जातं.

नियम कोणते लावायचे, कोणत्या क्रमाने, आणि खोटे इशारे कसे आवरायचे, यावर आकड्यांसकट लिहा.

आकडेमोड

आधी खोट्या इशाऱ्यांचं गणित मांडतो, कारण बहुतेक यंत्रणा इथेच गळपटतात. १०,००० सेल, २० केपीआय, दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ स्लॉट, म्हणजे रोज १ कोटी ९२ लाख तपासण्या. 'सरासरीपासून तीन सिग्मा (प्रमाण विचलन) लांब गेलं की इशारा' असा नियम लावला आणि आकडे अगदी घंटाकृती वितरणाचे मानले, तरी ०.२७ टक्के तपासण्या निव्वळ योगायोगाने बाहेर पडतात. म्हणजे रोज सुमारे ५१,८४० इशारे, एकही बिघाड नसताना. नेटवर्कचे आकडे घंटाकृती नसतात, त्यांची शेपटी लांब असते, त्यामुळे प्रत्यक्षात संख्या आणखी वाढते. हे न मोजता सुरू केलेली यंत्रणा एनओसीतले (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातले) लोक आठवडाभरात बघायचं सोडून देतात.

बेसलाइन आठवड्यातल्या तासाप्रमाणे ठेवा, म्हणजे प्रत्येक सेल-केपीआयचे १६८ खाने. सोमवारी सकाळी ९ ची तुलना मागच्या सोमवारांच्या ९ शीच व्हायला हवी. ८ आठवड्यांचा इतिहास घेतला तर एका खान्यात ३२ मूल्यं येतात, तेवढी पुरतात. सरासरी वापरू नका, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधलं मूल्य) वापरा. प्रमाण विचलनाच्या जागी एमएडी, म्हणजे मीडियनपासूनच्या अंतरांचा मीडियन, गुणिले १.४८२६. कारण असं: ८ सोमवारांपैकी एका सोमवारी साइट बंद होती तर सरासरी ढळते आणि सिग्मा फुगतो. फुगलेल्या सिग्माखाली पुढचा खरा बिघाड लपतो. मीडियन आणि एमएडी एवढ्याने हलत नाहीत.

इथे एक खड्डा आहे. आरआरसी सेटअप सक्सेससारखा (फोन आणि सेल यांची पहिली रेडिओ जोडणी किती टक्के वेळा जमली) केपीआय बराच वेळ १०० टक्क्यांवर बसलेला असतो, मग एमएडी शून्य येतो. शून्याने भागलं की ९९.८ टक्केसुद्धा 'अनंत सिग्मा' दिसतात. म्हणून एमएडीला खालची मर्यादा द्या. टक्केवारीच्या केपीआयला ०.५ अंक ठीक.

त्यानंतर टिकाव. एका स्लॉटवर इशारा देऊ नका, चारपैकी तीन स्लॉट बाहेर असतील तरच द्या. उशीर तासाभराचा होतो, पण योगायोगाने बाहेर पडलेले बहुतेक इशारे गळून जातात.

आणि भाजक. २० कॉलपैकी २ पडले तर ड्रॉप १० टक्के. २,००० पैकी २०० पडले तरी १० टक्केच. पण विल्सनच्या सूत्राने ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला तर पहिल्यात तो २.८ ते ३०.१ टक्के येतो, दुसऱ्यात ८.८ ते ११.४. तुलना टक्केवारीशी न करता पट्ट्याच्या खालच्या टोकाशी करा. ते टोक मर्यादेच्या वर असेल तरच सेल वाईट म्हणा. कमी वापराच्या सेलवरचा आरडाओरडा इथेच थांबतो.

निशाचर

वरच्याला +१. भाजकाचीच दुसरी चूक रोजच्या रिपोर्टमध्ये दिसते: सेलच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढणे. एका सेलवर १० पैकी ५ कॉल पडले, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्यावर ९,९९० पैकी १० पडले, म्हणजे ०.१ टक्के. सरासरी २५ टक्क्यांच्या वर जाते. खरा आकडा आहे १०,००० पैकी १५, म्हणजे ०.१५ टक्के. अंश-भाजक वेगवेगळे साठवा, टक्केवारी अगदी शेवटी काढा. डेटाबेसमध्ये फक्त टक्केवारी साठवली असेल तर पुढचं कुठलंच गणित दुरुस्त करता येत नाही.

शून्यबिंदू

झोपलेल्या सेलला टक्केवारी लावूच नका. तिथे मोजायचं ते एवढंच: या वेळेला किती प्रयत्न अपेक्षित होते आणि आले किती.

बेसलाइन सांगते की या स्लॉटमध्ये साधारण ४० आरआरसी प्रयत्न यायला हवेत, आणि आले शून्य. प्वासों वितरण (एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांच्या मोजणीचं) धरलं तर ही शक्यता ई चा उणे ४० वा घात, म्हणजे नगण्य. पण पहाटे ३ वाजता अपेक्षा ३ ची असेल तर शून्य येण्याची शक्यता ५ टक्के. तिथे एका स्लॉटवर इशारा दिला तर शेकडो खोटे निघतील. म्हणून वेळ ठरलेला ठेवू नका, अपेक्षा ठरलेली ठेवा. शून्य सुरू झाल्यापासूनच्या स्लॉटची अपेक्षा बेरीज करत जा, बेरीज २० झाली आणि तरी मोजणी शून्य असेल तर इशारा. दिवसा वर्दळीच्या सेलवर हे १५ मिनिटांत होतं, रात्री निवांत सेलवर दोन-तीन तास लागतात. तेवढी वाट बघणं योग्यच आहे, कारण त्या वेळात ग्राहकही तेवढेच कमी असतात.

खरा ट्रॅफिक प्वासोंपेक्षा जास्त विस्कळीत असतो, माणसं घोळक्याने येतात-जातात. ५ किंवा ७ वर न थांबता २० घ्यायचे ते यासाठी.

दुसरं, शून्य आणि 'आकडा नाही' यांत गल्लत करू नका. फाइल उशिरा आली किंवा नोड रीस्टार्ट झाला तर काउंटर रिकामा असतो. ३जीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था) मोजमाप फाइलमध्ये 'सस्पेक्ट' असा ध्वजही असतो. नोडच सांगतो की या स्लॉटची मोजणी अपुरी आहे. तो स्लॉट बेसलाइनमध्येही घेऊ नका आणि तपासणीतही घेऊ नका. बऱ्याच पार्सरमध्ये (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हा ध्वज वाचलाच जात नाही आणि रिकाम्या जागी ० भरलं जातं. मग एक फाइल हुकली की अख्खी साइट झोपलेली दिसते.

तरंग

शून्यबिंदू यांचा नियम सेल गप्प आहे एवढं सांगतो. का गप्प आहे, हे त्याच सेलच्या काउंटरवरून कळेलच असं नाही, कारण साक्षीदारच आजारी आहे. शेजारच्या सेलचे काउंटर उघडा.

शेजाऱ्यांकडून या सेलकडे होणारे हँडओव्हर प्रयत्नच शून्यावर आले असतील, तर फोनला हा सेल दिसतच नाही. डाउनलिंक (सेलकडून फोनकडे जाणारा सिग्नल) हवेत जात नाही: पॉवर अॅम्प्लिफायर, जंपर (छोटी जोड-केबल) किंवा अँटेना.

प्रयत्न नेहमीएवढे होतायत पण जवळजवळ सगळे फसतायत, तर फोनला सेल दिसतो, फोन त्यावर यायला बघतो, पण सेलला फोन ऐकू येत नाही. अपलिंकची बाजू गेली. अशा वेळी सेलच्या रॅक (RACH, फोनची पहिली हाक, म्हणजे प्रिॲम्बल, ज्यावर येते ती वाहिनी) काउंटरमध्ये किती प्रिॲम्बल मिळाले ते बघा. तेही शून्य असतील तर रिसीव्हरची साखळी तुटली आहे. प्रिॲम्बल येतायत पण आरआरसी सेटअप होत नाहीत, तर रॅकचे पुढचे टप्पे बघायचे: रूट सीक्वेन्सची (प्रिॲम्बल ज्यातून बनतात ते क्रम) टक्कर, सेलची त्रिज्या चुकीची टाकलेली, नाहीतर बेसबँड (सिग्नलवर प्रक्रिया करणारं युनिट) अडकलेला. आणि आरआरसी होतंय पण बेअररच (डेटा वाहून नेणारी वाट) उभा राहत नाही, तर रेडिओ सोडा आणि कोअर नेटवर्कशी जोडणाऱ्या एस१ (एलटीई) किंवा एनजी (५जी) जोडणीकडे जा.

शेजाऱ्यांचा ट्रॅफिक त्याच स्लॉटपासून चढला का, हेही बघा. झोपलेल्या सेलचे ग्राहक कुठेतरी गेलेच असतात. सेल शून्य आणि शेजारीही कमी, तर त्या भागात माणसंच नाहीत किंवा अडचण सगळ्यांची मिळून आहे.

मनोरा

तरंग, हा फरक फार उपयोगी आहे. मग रात्रीचा प्रश्न येतो. ऊर्जाबचतीसाठी क्षमतेचे थर (वर्दळीसाठी दिलेले जादा बँड) रात्री मुद्दाम बंद केले जातात. ते तर हुबेहूब झोपलेल्या सेलसारखे दिसणार. आणि कुठे मोठी सभा, सामना असेल तर केपीआय कोसळतात, पण ती गर्दी असते. हे वेगळं कसं काढायचं?

निशाचर

ऊर्जाबचतीच्या झोपेची नोंद सेलच्या स्थितीत असते. तो 'लॉक' किंवा 'ऊर्जाबचत' स्थितीत किती सेकंद होता याचे काउंटर येतात. अपेक्षा मोजताना तेवढे सेकंद वजा करा. ९०० सेकंदांच्या स्लॉटमध्ये सेल ६०० सेकंद बंद असेल तर अपेक्षा एक तृतीयांश. पण बचतीनंतर न उठलेला सेल हा खरा बिघाड आहे आणि तो होतो. त्याला वेगळा नियम: ठरलेल्या उठण्याच्या वेळेनंतर ३० मिनिटांत स्थिती 'चालू' झाली नाही, किंवा चालू होऊनही ट्रॅफिक नाही, तर इशारा.

गर्दीचं म्हणाल तर पीआरबी (सेलच्या बँडविड्थचे वाटायचे छोटे तुकडे) वापर बघा. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई सेलमध्ये १०० पीआरबी असतात. वापर ९० टक्क्यांच्या वर, युजर बेसलाइनच्या कितीतरी वर, आणि शेजारीही भरलेले, तर ही गर्दी. तिकीट क्षमता-नियोजनाकडे जाईल, फील्डकडे नाही. थ्रूपुट कोसळला पण पीआरबी वापर आणि युजर नेहमीएवढेच, तर बिघाड. सीक्यूआय (फोनने कळवलेली डाउनलिंकची गुणवत्ता) पण सोबत ठेवा. ० ते १५ च्या मापात तो बेसलाइनपेक्षा २ ने उतरला तर रेडिओची गुणवत्ता बिघडली आहे. सीक्यूआय जागेवर आहे, पीआरबी रिकामे आहेत आणि तरी वेग नाही, तर वाट मागे कुठेतरी अडली आहे.

साइटचे सगळे सेक्टर आणि सगळे बँड एकाच स्लॉटपासून असे झाले, तर बॅकहॉल (साइटला मागच्या नेटवर्कशी जोडणारी लिंक). मायक्रोवेव्ह लिंक पावसात मॉड्युलेशन खाली आणते, २५६ क्वाम (एका सिम्बॉलमध्ये ८ बिट) वरून थेट क्यूपीएसके (२ बिट) पर्यंत. लिंक तुटत नाही म्हणून अलार्म येत नाही, पण क्षमता एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी उरते. लिंकच्या मॉड्युलेशनचे काउंटर त्याच टेबलात आणून ठेवले की हे निदान मशीन स्वतः करतं.

खोलपाणी

एवढे नियम हाताने लिहीत बसण्याऐवजी आयसोलेशन फॉरेस्ट किंवा ऑटोएन्कोडर (विसंगती आपोआप शोधणारी मशीन लर्निंगची मॉडेल) का लावू नये? वीसही केपीआय एकत्र दिले तर जोड्यांमधली विसंगती आपोआप सापडते. ड्रॉप मर्यादेत, सीक्यूआय मर्यादेत, पण दोघांचं हे मिश्रण या सेलवर कधीच दिसलेलं नाही, असे प्रकार एकेका केपीआयच्या नियमातून सुटतातच.

आकडेमोड

लावा, पण नियमांनंतर, आणि कच्च्या आकड्यांवर लावू नका. मॉडेलला कच्चे केपीआय दिले तर ते महामार्गावरचा सेल आणि ऑफिसमधला सेल यांतला फरकच विसंगती म्हणून शिकतं. आधी प्रत्येक केपीआय त्याच सेलच्या १६८ खान्यांच्या बेसलाइनपासून किती एमएडी लांब आहे ते काढा आणि ते अंतर मॉडेलला द्या. मग सगळे सेल एका मापात येतात आणि १०,००० मॉडेल पाळावी लागत नाहीत.

दुसरी अट: स्कोअरसोबत कारण हवं. ऑटोएन्कोडरमध्ये कोणत्या केपीआयची पुनर्रचना सर्वांत चुकली ते पहिले तीन छापा. 'स्कोअर ०.८७' एवढंच वाचून फील्ड इंजिनिअर मनोऱ्यावर काय घेऊन चढणार?

खोलपाणी

मान्य. माझ्याकडून एक भर. सॉफ्टवेअर अपग्रेडमध्ये काउंटरची व्याख्या बदलते. नवीन आवृत्तीत काही प्रकारचे रिलीज ड्रॉपमध्ये धरले जातात, आधी धरले जात नव्हते. अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी सगळे अपग्रेड झालेले सेल विसंगत दिसतात. म्हणून तुलनेत सॉफ्टवेअर आवृत्ती हा एक स्तंभ हवाच. एकाच आवृत्तीचे ८० टक्के सेल एकाच दिशेने, जवळपास सारख्याच प्रमाणात सरकले, तर आधी व्याख्या तपासा. त्यात काही सापडलं नाही तर अपग्रेडमध्येच दोष आहे. दोन्ही वेळा इशारा एकच जायला हवा, हजार नाही.

तरंग

आता अर्धवट आजारी सेलबद्दल, कारण ग्राहकाला सर्वांत जास्त त्रास तिथे होतो आणि सर्वांत जास्त काळ दुर्लक्षही तिथेच होतं. अपलिंक नॉइज घ्या.

खोलीच्या तापमानाला औष्णिक नॉइज दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतली पॉवर, डेसिबलमध्ये). एलटीईचा एक पीआरबी १८० किलोहर्ट्झचा, म्हणजे उणे १२१.४ डीबीएम. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज फिगर २-३ डीबी मिळवला की निरोगी, रिकाम्या सेलवर उणे ११८-११९ दिसायला हवं. उणे १०५ च्या वर दिवसभर बसलेला सेल म्हणजे कडेच्या ग्राहकांना ऐकूच न येणारा सेल.

हा नॉइज आतला की बाहेरचा, हे काउंटरवरूनच बऱ्यापैकी कळतं. प्रत्येक स्लॉटचा अपलिंक नॉइज आणि डाउनलिंक पीआरबी वापर समोरासमोर मांडा. डाउनलिंक चढला की नॉइज चढतो, पहाटे दोन्ही उतरतात, तर पिम, म्हणजे पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन: डाउनलिंकच्या लहरी सदोष जोडात मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होणं. १८०० मेगाहर्ट्झच्या बँडचं उदाहरण: डाउनलिंक १८०५ ते १८८०, अपलिंक १७१० ते १७८५. दोन टोकांच्या कॅरिअरचं तिसऱ्या क्रमाचं मिश्रण २ गुणिले १८०५ वजा १८८०, म्हणजे १७३०. थेट स्वतःच्याच अपलिंकमध्ये. मूळ कारण बहुतेक वेळा सैल किंवा गंजलेला कनेक्टर, जंपरच्या टोकाशी आलेला धातूचा कीस, नाहीतर अँटेनासमोर गंजलेला क्लँप. व्हीएसडब्ल्यूआर यात चांगलाच दिसतो, म्हणून अलार्म नाही. खात्री करायची तर कमी वर्दळीच्या वेळी सेलवर कृत्रिम डाउनलिंक लोड टाका आणि नॉइज सोबत चढतो का बघा, माणूस वर पाठवायच्या आधीच. वर गेल्यावर कनेक्टर टॉर्क पान्यानेच आवळायचा: ७/१६ डिनला २५ ते ३० न्यूटन-मीटर, ४.३-१० ला ५.

एकाच रिसीव्ह शाखेत नॉइज किंवा सिग्नल बाकी शाखांपेक्षा ५-६ डीबीने वेगळा असेल तर त्या शाखेचा फीडर. नॉइज डाउनलिंकशी नातं न ठेवता ठरावीक पीआरबींवरच उभा असेल तर बाहेरचा स्रोत: रिपीटर, जॅमर, बिघडलेलं उपकरण.

टीडीडीत (एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून डाउनलिंक आणि अपलिंक) आणखी एक रूप असतं. गार्डनंतरच्या (डाउनलिंक आणि अपलिंकमधली रिकामी वेळ) पहिल्या अपलिंक सिम्बॉलवर नॉइज सर्वांत जास्त आणि पुढच्या सिम्बॉलवर पायऱ्यांनी उतरत गेलेला, आणि एकाच वेळी शेकडो सेलवर. हे डक्टिंग, म्हणजे हवेच्या थरात अडकून लहरी फार लांब जाणं. एलटीईत एक सिम्बॉल ७१.४ मायक्रोसेकंदांचा, तेवढ्यात लहर २१.४ किमी जाते. २ सिम्बॉलचा गार्ड असेल तर ४३ किमीच्या पलीकडच्या मनोऱ्याचं डाउनलिंक तुमच्या अपलिंकवर येऊन पडतं. इथे एकेका सेलवर तिकीट काढणं चूक आहे, पूर्ण गटाची एकच घटना करा. उलट एकच साइट आजूबाजूच्या सगळ्यांना त्रास देतेय आणि उतार दिसत नाही, तर त्या साइटचं जीपीएस सिंक तपासा. सेल-सेलमधला फरक ३ मायक्रोसेकंदांच्या आत असायला हवा.

शून्यबिंदू

कॉन्फिगरेशन बदलांची नोंद त्याच टेबलात जोडा, हे सांगायचं राहिलं होतं. बिघाड सुरू झाला तो स्लॉट आणि त्याआधीच्या २४ तासांत त्या सेलवर किंवा शेजारी झालेले बदल शेजारी शेजारी दिसले, की टिल्ट (अँटेनाचा कल), पीसीआय (फोन सेल ज्याने ओळखतो तो क्रमांक), शेजार-यादी यातल्या चुका लगेच कळतात. पीसीआय एलटीईत ५०४ च आहेत, त्यामुळे नवीन सेल आला की कुठल्यातरी जुन्या सेलच्या दोन शेजाऱ्यांचा पीसीआय एक होऊ शकतो. मग जुन्या सेलचे हँडओव्हर फसायला लागतात आणि बदल झालेला असतो तिसऱ्याच सेलवर.

मनोरा

आपोआप उपायाचं काय? झोपलेला सेल सापडला की मशीननेच रीसेट द्यायचा का?

निशाचर

द्यायला हरकत नाही, पण कुंपणासकट. शेजारी जागे आहेत आणि तो भाग झाकू शकतात, हे आधी तपासा. सेलवर एकही चालू कॉल नाही याची खात्री करा. एका सेलला २४ तासांत एकच रीसेट, आणि पूर्ण नेटवर्कात एका तासात किती यावरही मर्यादा. ही शेवटची मर्यादा नसेल तर एका चुकीच्या फाइलमुळे शंभर साइट एकदम रीसेट होतील. रीसेटच्या आधी लॉग उतरवून घ्या, नाहीतर पुरावा पुसला जातो. तीन दिवसांत दुसऱ्यांदा तोच सेल झोपला तर रीसेट बंद आणि माणसाकडे तिकीट.

खोलपाणी

आणि यंत्रणा किती पकडते हे मोजायला जुन्या तिकिटांवर विसंबू नका. तिकिटांत 'आपोआप ठीक झालं' अशी नोंद अर्ध्याअधिक कारणांवर पांघरूण घालते, आणि जे कोणी पकडलंच नाही त्याचं तिकीटच नसतं. खऱ्या निरोगी सेलच्या आठवड्याभराच्या आकड्यांत बिघाड मुद्दाम मिसळा: एका गटात ट्रॅफिक शून्य करा, दुसऱ्यात अपलिंक नॉइज रोज १ डीबीने चढवत न्या, तिसऱ्यात ड्रॉप दुप्पट करा. मग किती सापडले आणि किती उशिराने, हे बघा. नॉइजची हळू चढण हा सर्वांत कठीण पेपर आहे. बेसलाइन दर आठवड्याला ताजी होत असेल तर ती चढणच तिच्यात मुरते. त्यासाठी तीन महिन्यांपूर्वीची एक गोठवलेली बेसलाइन सोबत ठेवा आणि आठवड्यातून एकदा तिच्याशी तुलना करा.

मनोरा

मग क्रम असा धरतो. आधी सस्पेक्ट आणि रिकामे स्लॉट गाळणे, मग सेलची स्थिती, मग शून्य-ट्रॅफिकचा अपेक्षा २० चा नियम शेजाऱ्यांच्या साक्षीसह, मग विल्सनच्या खालच्या टोकावर टक्केवारीचे केपीआय चारपैकी तीन स्लॉट, मग साइट, लिंक, आवृत्ती यांवर गट करून एकच इशारा. अपलिंक नॉइजला स्वतंत्र नियम. मॉडेल सर्वांत शेवटी.

एक शंका उरली. आडवळणाच्या सेलवर दिवसभरात १० च प्रयत्न होतात. तिथे अपेक्षा २० व्हायला दोन दिवस जातील.

शून्यबिंदू

जातील, आणि आकड्यांतून त्याच्या आधी कळणार नाही. त्या सेलची वेगळी यादी काढा. तिथे मोजणीची वाट बघण्याऐवजी साइटवर एक साधं टेस्ट मॉडेम बसवून, ते त्या सेलवर लॉक करून, दर तासाला त्यावरून एक जोडणी आणि छोटा डाउनलोड करायला लावा. लागोपाठ तीन फसले की इशारा. मॉडेमचे प्रयत्न बेसलाइनमधून वगळायला मात्र विसरू नका, नाहीतर रोजची अपेक्षा १० वरून ३४ होईल आणि त्यातल्या २४ जोडण्या तुमच्याच असतील.